सतरा नंबरचा फॉर्म आणि चौतीसचं माप

माझा दहावीचा निकाल लागल्यापासून पाच-सहा जणींनी फोन करून मला एकच विचारलं, "सतरा नंबरचा फॉर्म मिळतो कुठं?" म्हणजे शाळेत न जाता, बाहेरून दहावीला बसायचा अर्ज. प्रत्येकीला तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मिळत कुठंच नाही, आता तो ऑनलाइन भरायचा असतो. पण एवढ्याशा उत्तरात माझं अख्खं वर्ष गेलंय, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

मी सांगलीत गावभागात राहते. वय ४१. वीस वर्षं घरीच शिलाई करते. शाळा नववीत सुटली. गणितात आणि इंग्रजीत नापास झाले, एक वर्ष घरात बसले आणि मग कुणी पुन्हा नाव घालायचा विषयच काढला नाही. माहेर जत तालुक्यात, पाऊस बेभरवशाचा, घरात खाणारी तोंडं सात. रडगाणं गात नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींचं असंच झालं.

जून २०२४ मध्ये एका शिवणक्लासात शिकवायला बाई हवी होती. मी गेले, दोन नमुने दाखवले. तिथल्या मॅडमनी ब्लाउजची कटोरी उलटीपालटी करून बघितली, शिवण नखानं ओढून बघितली. "हात चांगला आहे हो तुमचा. पण कागदावर दहावी लागते." एवढंच. त्यांचं काही चुकलं नव्हतं, तरी घरी येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

त्याच आठवड्यात माझ्या जुन्या गिऱ्हाईक बाई ब्लाउजपीस घेऊन आल्या. निवृत्त शिक्षिका, विश्रामबागेत राहतात, माप चौतीस, गळा मागून खोल नको, बाही कोपराच्या वर चार बोटं. बोलता बोलता मी क्लासचं सांगितलं. इतर सगळे म्हणतात तसं त्याही "अगं तू करशील गं" म्हणतील असं वाटलं होतं. हे वाक्य मी आयुष्यात खूपदा ऐकलंय. ऐकायला गोड असतं, पण म्हणणारा माणूस पिशवी उचलून निघून जातो आणि आपण तिथंच.

बाई म्हणाल्या, "तुझी मापांची वही दाखव."

दाखवली. चष्मा पुसून त्यांनी चार-पाच पानं वाचली. मग म्हणाल्या, "अक्षर लागतं. बेरीज-भागाकार बरोबर आहेत. आणि हे काय लिहिलंयस, 'मागच्या खेपेला मुंढ्यात काचलं म्हणाल्या, पाव इंच सोडणे'? ऐकलेलं तू तुझ्या शब्दांत नेमकं लिहितेस. मराठी आणि इतिहास-भूगोल तुला जड जाणार नाहीत. विज्ञान पाठ कर. इंग्रजी आणि गणित राहिलं, त्याचं आपण बघू."

त्या "आपण" शब्दावर मी अडकले, खरं सांगते.

मग त्यांनी एक हिशोब सांगितला, तो मला कुणीच सांगितला नव्हता. दहावीला प्रत्येक विषयात ३५ हवेत हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण तीन भाषा मिळून १०५ झाले आणि कुठल्याच भाषेत २५ च्या खाली गेलं नाही, तरी माणूस पास होतो. गणित आणि विज्ञानाचंही तसंच, दोन्ही मिळून ७० आणि प्रत्येकात किमान २५. "म्हणजे तुझी मराठी तुझ्या इंग्रजीला ओढून नेईल. बाहीचा तुकडा कमी पडला तर तू काय करतेस?" "बाई, जोड लावते." "तेच." तुम्ही बसाल त्या वर्षी हा नियम शाळेत विचारून खात्री करून घ्या. पण अभ्यासाला लागायच्या आधी विचारा, कारण त्यावरच कुठल्या विषयाला किती वेळ द्यायचा ते ठरतं.

आता कागदपत्रं. बाहेरून दहावीला बसायचं तर वय किमान १४ आणि पाचवी तरी पास, एवढी अट. मुख्य लागतो तो शाळा सोडल्याचा दाखला, मूळ प्रत. माझा नव्हता. २०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट म्हणजे धोका, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं होतं. ट्रंकेतली कागदं आम्ही नंतर गच्चीवर वाळत घातली, पण दाखल्याचा नुसता निळा लगदा झाला होता. एरवी त्याची आठवण येण्याचं कारणच नव्हतं.

तेव्हा दुय्यम प्रत काढायला माहेरच्या शाळेत जाणं आलं. ३० जुलैला गेले, कारकून रजेवर. ८ ऑगस्टला पुन्हा गेले. फोन करून जावं एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही, तुम्ही करा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून बरं. दुसऱ्या खेपेला मुख्याध्यापकांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. पुठ्ठा सुटलेला, कोपरे वाळवीनं खाल्लेले. शाळा सोडल्याचं साल आणि माझं जन्मसाल सांगितल्यावर नाव सापडायला वीस मिनिटं लागली. रजिस्टर नंबर माहीत असेल तर पाच मिनिटांत होतं. दाखल्यासाठी अर्ज, हरवल्याचं प्रतिज्ञापत्र आणि आधारची झेरॉक्स लागली. प्रतिज्ञापत्रासाठी तालुक्याला अर्धा दिवस मोडला.

दाखला हातात आला तेव्हा मी एसटीत बसून तो तीनदा वाचला. 'प्रगती' पुढं 'साधारण'. 'वर्तणूक' पुढं 'चांगली'. शाळा सोडण्याचं कारण, 'पालकांच्या विनंतीवरून'. अप्पांनी शाळेत जाऊन कधी कसली विनंती केली असेल असं मला वाटत नाही. कुणीतरी रकाना भरायचा म्हणून भरला.

फॉर्म भरला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, घराजवळच्या एका नेट कॅफेत. तिथं तीन गोष्टी अडल्या, त्या लिहून ठेवते. एक, ईमेल लागतो. माझा नव्हता, लेकीनं तिथंच उभ्या उभ्या काढून दिला. दोन, संपर्क शाळा, म्हणजे बाहेरून बसणाऱ्यांचं कामकाज जिच्याकडं असतं ती, निवडताना तालुक्यांच्या यादीत 'सांगली' शोधत बसलो, सापडेना. सांगली शहर मिरज तालुक्यात येतं हे मलाही माहीत होतं आणि त्या मुलालाही, पण दहा मिनिटं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तीन, नाव. दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं. फॉर्मवर दाखल्याप्रमाणेच नाव घालावं लागतं. ज्या नावानं मला बावीस वर्षांत कुणी हाक मारली नाही, त्या नावानं मी परीक्षार्थी झाले. सोबत लग्नाच्या नोंदणीची झेरॉक्स ठेवा, पुढं प्रत्येक ठिकाणी विचारतात.

चौथी अडचण घरी आल्यावर कळली. कॅफेतल्या मुलानं जन्मतारखेत महिना चुकवला होता. लेकीनं प्रिंट हातात घेतल्या घेतल्या पकडलं. माझ्याच डोळ्यादेखत टाइप केलेलं, आणि मी 'हो बरोबर' म्हणाले होते. कापड कापायच्या आधी मी दोनदा मोजते, इथं एकदाही नाही. दुरुस्तीसाठी संपर्क शाळेत तीन हेलपाटे झाले, बारा दिवस गेले. पहिल्या दिवशी खिडकीतून विचारणा झाली, "काकू, मुलीला घेऊन या, सही विद्यार्थ्याची लागते." मी म्हटलं, "विद्यार्थी मीच आहे." पलीकडं जरा शांतता, मग, "मग या इकडं सावलीत." नंतर त्याच माणसानं मला वर्षभर प्रत्येक तारखेचा आठवणीनं फोन केला, हेही सांगायला हवं.

पैशांचं एकदाच सांगते. नोंदणीचे हजाराच्या थोडे वर गेले. परीक्षेचं आवेदनपत्र हिवाळ्यात शाळेतूनच भरलं जातं, त्याचं शुल्क वेगळं. एसटी, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, कॅफे, प्रयोगवही धरून सगळं साडेतीन हजारांत बसलं. पुस्तकं घेतली नाहीत. लेक नुकतीच दहावी होऊन अकरावीला गेली होती, तिचीच होती. आणि बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर फुकट उतरवता येतात. खरा खर्च तो नव्हे. ऐन लग्नसराईत काम परत पाठवलं त्याचे बारा-तेरा हजार बुडाले. ते वहीत लिहिलेत, कुणाला बोलून दाखवले नाहीत.

अभ्यास कसा केला? पहिला महिना वाया गेला. पहाटे पाचला उठून पुस्तक उघडायचे आणि साडेपाचला पुस्तकावर डोकं. मग लेकीच्या लक्षात आलं की पाहिलेलं माझ्या ध्यानात राहत नाही, ऐकलेलं राहतं. लहानपणी आईच्या जात्यावरच्या ओव्या मी नुसत्या ऐकून पाठ केल्यात, आजही येतात. तिनं काय केलं, विज्ञानाचा एकेक धडा स्वतःच्या आवाजात मोबाइलवर वाचून ठेवला. रोज कॉलेजातून आली की वीस मिनिटं. मी फॉल-पिको, काज-बटण, हेमिंग असली न बघता होणारी कामं दुपारी एकत्र ठेवायला लागले आणि कानात धडे. 'आनुवंशिकता व उत्क्रांती' मी सोळा साड्यांच्या फॉलमध्ये संपवला. कटिंगच्या वेळी मात्र ऐकायचं नाही. एकदा ऐकत होते आणि एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. भरून द्यावं लागलं.

धाकटी जाऊ शेजारच्या खोलीत राहते. ती काही बोलली नाही. सप्टेंबरातच एक दिवस माझी परात उचलून घेऊन गेली आणि म्हणाली, "ताई, संध्याकाळच्या भाकरी मार्चपर्यंत माझ्याकडं." मी नको म्हटलं तर म्हणाली, "मला अभ्यासातलं काही कळत नाही, भाकरीतलं कळतं." आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सुरुवातीला तोंड वाकडं करत होत्या. "या वयात?" हे दोनच शब्द, पण दिवसातून चारदा. जानेवारीत त्यांना मी इतिहासाची उत्तरं म्हणून दाखवायला लागले, कारण दुपारी घरात दुसरं कुणी नसायचं. त्यांना वाचता येत नाही. पण चार दिवसांनी मी एक मुद्दा गाळला तर म्हणाल्या, "काल ह्यात अजून काहीतरी होतं बघ." बरोबर होतं.

गणिताचं बाईंनी घेतलं. बुधवार आणि रविवार, संध्याकाळी सहा ते साडेसात. पैसे घेतले नाहीत; मी आग्रह केला तर म्हणाल्या, "माझं ब्लाउजपीस तुझ्याकडं आहे, ते परीक्षा झाल्यावर शिव." सुरुवातीला मी वहीकडं बघितलं की अंगाला घाम. एकदा त्यांनी वही मिटलीच. माझ्या टेबलावर वर्तमानपत्राचा कागद पसरलेला होता, बाहीचा साचा काढायला. त्याच कागदाच्या कोपऱ्यावर त्यांनी लाल पेननं विचारलं, "अठ्ठावीस मापापासून पुढची मापं सांग." मी म्हटलं, "अठ्ठावीस, तीस, बत्तीस, चौतीस…" "दहावं माप कुठलं?" मी बोटं मोजत ४६ म्हणाले. "बोटं न मोजता?" मी विचार केला. पहिल्या मापापासून दहाव्यापर्यंत नऊ उड्या, दर उडीला दोन. अठरा. अठ्ठावीस आणि अठरा. बाईंनी तेच अक्षरांत लिहिलं: पहिलं पद, सामाईक फरक, कितवं पद त्यातून एक वजा. ही अंकगणिती श्रेढी. मी वीस वर्षं वापरत होते आणि तिला नाव आहे हे माहीत नव्हतं.

पण 'शिंप्याला भूमिती येतेच' असं काही समजू नका. मला वर्तुळ काढता येतं, लंब दुभाजक डोळे मिटून काढता येतो, कारण टक्स घेताना ते रोजचंच. सिद्धता लिहायची म्हटलं की बोबडी वळते. जे दिसतंय ते सिद्ध कशाला करायचं, हा प्रश्न मी बाईंना तीन महिने विचारत होते.

दिवाळी १ नोव्हेंबरला. तिच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतर लग्नाचे ब्लाउज, म्हणजे मी जवळजवळ महिनाभर पुस्तकाला हात लावला नाही. फक्त राज्यशास्त्राचा निवडणुकीचा धडा तेवढा वाचला, तोही विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि भोंगे दारासमोरूनच जात होते म्हणून. डिसेंबरात बाईंनी बीजगणिताची चाचणी घेतली, ४० पैकी ९ पडले. मी पेपर घडी करून ब्लाउजात ठेवला आणि दोन दिवस कुणाला दाखवला नाही. बुधवारी बाईंना फोन करून सांगितलं, येऊ नका, बस झालं.

त्या आल्या. पेपर मागितला. "नऊ पडले हे बघायला मी आले नाही. सोडवलेस किती ते बघायचंय." मी निम्मेच प्रश्न हातात घेतले होते, बाकी कोरे. त्यांनी सोडवलेल्यातलं एकेक तपासलं. मग भूमितीच्या पुस्तकातली अनुक्रमणिका उघडून त्यात त्रिकोणमितीवर काट मारली. "हे सोडून दे. मार्चमध्ये हा प्रश्न आला तर बघायचंसुद्धा नाही. रचना, महत्त्वमापन, श्रेढी, सांख्यिकी, अर्थनियोजन, एवढंच घट्ट कर." शिक्षिका असून सोडून दे म्हणाल्या. मला त्या दिवशी हलकं वाटलं तेवढं वर्षभरात कधी वाटलं नाही.

अर्थनियोजन म्हणजे जीएसटी आणि शेअर. ते आमच्या ह्यांच्याकडून शिकले. हे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत, दिवसभर बिलंच लिहितात. अभ्यास कर असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं आणि नको असंही नाही. एका रात्री मी केंद्राचा जीएसटी आणि राज्याचा जीएसटी वेगळा का, यावर डोकं धरून बसले होते. खिशातून एक कोरं बिल काढून त्यांनी ते माझ्यासमोर भरलं. रकाना, रकाना, निम्मा इकडं, निम्मा तिकडं, बेरीज. सावकाश, एकदाही न चिडता. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण हे मला काही शिकवतायत असं पहिल्यांदाच घडलं. नंतरचे दोन महिने रात्री साडेनऊ वाजले की न सांगता एक बिल टेबलावर असायचं. मी भरायचं, सकाळी ते तपासायचे. चूक असेल तिथं पेन्सिलनं बारीक टिंब.

जानेवारीअखेर शाळेतून हॉलतिकीट मिळालं. नाव, जन्मतारीख, विषय तिथल्या तिथं तपासा. ३ ते २० फेब्रुवारी प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा होत्या. त्या संपर्क शाळेतच होतात, आणि त्यांचे २० गुण फार मोलाचे. बाहेरून बसणारे पुष्कळजण याकडं दुर्लक्ष करतात. प्रयोगवही आधी पूर्ण लागते. भिंगाचं नाभीय अंतर काढताना खिडकीबाहेरचं झाड पडद्यावर उलटं दिसलं तेव्हा मी मोठ्यानं "अगंबाई" म्हणाले आणि आजूबाजूची पोरं हसली. तोंडीला सरांनी विचारलं, "भीती वाटते का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग बसून सांगा, उभं कशाला राहता."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार, पहिला पेपर मराठीचा. केंद्रावर साडेदहाला हजर. बाकं पोरांच्या मापाची. गुडघे अडकतात, साडी नेसून जाऊ नका, मी दुसऱ्या पेपरापासून पंजाबी ड्रेसवर गेले. बारकोडचं स्टिकर चिकटवताना हात थरथरला, तिरकं लागलं, पर्यवेक्षक म्हणाल्या चालतं. अकराला पेपर हातात. शेवटी दहा मिनिटं जादा मिळतात. एक गंमत सांगते. पुरवण्या दोऱ्यानं बांधायच्या असतात. शेजारच्या बाकावरच्या पोराला गाठ जमेना, पर्यवेक्षक बाईंनी मला खूण केली, मी बांधून दिली. मग पुढच्या बाकावरचीही. शेवटच्या पेपरापर्यंत त्या खोलीत माझं ते कामच होऊन बसलं. मला मात्र प्रत्येक वेळी पुरवणी लागायचीच, मराठीला तर दोन.

इंग्रजी १ मार्चला. जे पाठ होतं ते लिहिलं, पत्र लिहिलं, उताऱ्यातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली. बाहेर येऊन बोरं घेतली आणि पुलापर्यंत चालत गेले.

५ मार्चला बीजगणित. पहिल्याच उदाहरणात मी वजाबाकीचं चिन्ह चुकवलं आणि वीस मिनिटं त्याच्याशी झुंजत बसले. घशाला कोरड. मग बाईंचं आठवलं, "अडलं तर शिवण उसवत बसू नकोस, दुसरा तुकडा घे." पान उलटलं. श्रेढीचं उदाहरण होतं. जीएसटीचं होतं. तो आकडा मांडताना माझ्या डोळ्यांसमोर यार्डातलं बिलच होतं, रकान्यांसकट. भूमितीला रचना आली, कंपास फिरला. त्रिकोणमितीचा प्रश्नही आला होता. बघितला नाही.

विज्ञानाच्या दुसऱ्या भागात शेवटचा धडा आपत्ती व्यवस्थापनाचा आहे. १२ मार्चच्या त्या पेपरात मी आठवून काही लिहिलं नाही, पाहिलेलं लिहिलं: आधी मीटर बंद करायचं, पिण्याचं पाणी वर न्यायचं, म्हातारी माणसं पहिल्या नावेत, कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये. शेवटचं लिहिताना हसू आलं. पंधराला इतिहास, मध्ये धुळवड होती म्हणून हातांच्या नखांत रंग. सतराला भूगोलात भारत आणि ब्राझील, आणि सुटले. त्या संध्याकाळी परात जावेकडून परत आणली. ती म्हणाली, "ठेवा की अजून आठ दिवस."

निकाल १३ मे ला, दुपारी एकला, मोबाइलवर. आसन क्रमांक आणि आईचं नाव घालायचं. साइट पंधरा मिनिटं उघडेना. मराठी ७१, हिंदी ५८, इंग्रजी २९. गणित ३१, विज्ञान ४८. सामाजिक शास्त्रं ५७. जुन्या हिशोबानं दोन विषयांत नापास. नव्या हिशोबानं पास. राज्याचा निकाल त्या वर्षी ९४.१० टक्के होता, तेव्हा फार काही पराक्रम केला असं नाही. ह्यांना यार्डात फोन केला तर मागं हळदीच्या सौद्याचा गलका. "कितीला सुटलं?" म्हणाले. सवयीनं. मग स्वतःच हसले. आत्यांनी साखर हातावर ठेवली आणि विचारलं, "ते मधलं, मी सांगितलेलं, आलं होतं का पेपरात?" आलं नव्हतं. मी हो म्हटलं.

मूळ गुणपत्रिका नंतर शाळेतून घेतली. घेतल्यावर दोन स्कॅन करून ठेवा, लॅमिनेशन करू नका. शिवणक्लासात गेले तेव्हा ती जागा भरलेली होती. मॅडमनी नाव आणि नंबर लिहून घेतला, पुढच्या बॅचला बघू म्हणाल्या. फोन अजून आलेला नाही. मधल्या काळात मी घरीच चार मुलींना कटिंग शिकवायला घेतलंय, दुपारी दोन ते चार.

बाईंचं ब्लाउजपीस मात्र मी त्याच आठवड्यात काढलं. साचा शोधला तर बाहीचा कागद तोच निघाला, वर्तमानपत्राचा, कोपऱ्यात लाल पेननं अठ्ठावीस, तीस, बत्तीस, आणि खाली नऊ गुणिले दोन. जपून ठेवावा असं क्षणभर वाटलं. पण माप चौतीसचंच होतं आणि कागद अजून धड होता. कापडावर ठेवला, खडूनं रेघ मारली, बाही कापली. बाईंनी शिलाईचे तीनशे रुपये मोजून दिले, घ्यायलाच लावले. तो कागद मशीनच्या वर खिळ्याला आहे. चौतीसची कुणी आली की तोच काढते.